इसब कुणाला म्हणायचं, ते आधी ठरवा

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, व्यंगं आणि आजार लवकर ओळखायचे, हा त्याचा हेतू. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वाडीवस्तीवरच्या कितीतरी मुलांना अंगावरचे कपडे बाजूला करून नीट तपासणारा डॉक्टर वर्षभरात तेवढाच भेटतो. म्हणून या कार्यक्रमाबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच पुढचं लिहिते आहे.

या कार्यक्रमातल्या तीस आजारांच्या यादीत त्वचेसाठी एकच ओळ आहे: त्वचाविकार. त्या एका ओळीत खरूज, बुरशीचा संसर्ग आणि इसब असे तिघे एकत्र बसवले आहेत. आता हे तीन आजार बघा. खरूज सूक्ष्म किड्यामुळे होते, घरभर पसरते, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावलं तर काही आठवड्यांत जाते. बुरशीच्या संसर्गाला, म्हणजे आपल्या गजकर्ण-नायट्याला, बुरशीनाशक लागतं आणि स्टेरॉइडच्या मलमाने तो आतल्या आत वाढतो. इसब मात्र कुणाकडून कुणाला लागत नाही, वर्षानुवर्षं येतं-जातं, आणि त्याच्या उपचारात स्टेरॉइडचं मलम हेच मुख्य औषध असतं. एकाचं औषध दुसऱ्याला अपाय करणारं, आणि कागदावर तिघांची मिळून एक बेरीज.

मी सांगलीत संख्याशास्त्र शिकवते. वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलं-मुली प्रबंधाची आकडेमोड करून घ्यायला माझ्याकडे येतात. लहान मुलांच्या इसबावर काम करणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न एकच विचारते: तुम्ही इसब कुणाला म्हटलंत? बहुतेकांना हा प्रश्न अनपेक्षित वाटतो. आजार म्हणजे आजार, डॉक्टरला दिसतोच की, असा त्यांचा समज असतो. माझं म्हणणं असं की, ‘किती मुलांना इसब आहे’ आणि ‘ते कशामुळे होतं’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरं बऱ्याच अंशी व्याख्येतच ठरून जातात. तेव्हा ज्या आकड्यासोबत त्याची व्याख्या दिलेली नाही, तो आकडा वाचकाने, जिल्हा परिषदेने, वर्तमानपत्राने कुणीच स्वीकारू नये.

अडचण मुळात अशी आहे की इसबाची खात्री करून देणारी एकही चाचणी नाही. मधुमेहाला साखर मोजता येते, क्षयाला थुंकी तपासता येते. मुलांच्या इसबाला, ज्याला डॉक्टर अ‍ॅटोपिक डर्माटायटिस म्हणतात त्याला, असं काही नाही. रक्तातलं आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रतिपिंड, वाढलेलं असेल असं म्हणावं, तर इसब असलेल्या मुलांतल्या मोठ्या गटात ते वाढलेलं नसतंच. म्हणून गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत लक्षणांच्या जुळणीवर वेगवेगळे निकष बांधले गेले.

सर्वांत प्रसिद्ध निकष हॅनिफिन आणि राज्का यांचे, १९८० सालचे. खाज, ठरावीक जागी ठरावीक स्वरूपाचे चट्टे, आजाराचं वारंवार उलटणं, आणि स्वतःला किंवा घरात कुणाला दमा-अ‍ॅलर्जी असणं, या चार प्रमुख लक्षणांपैकी किमान तीन असावीत. शिवाय तेवीस गौण लक्षणांच्या यादीतली किमान तीन. या गौण यादीत कोरडी त्वचा आहे, तळहातावरच्या ठळक रेषा आहेत, खालच्या पापणीखालची घडी आहे. मिरजेतल्या किंवा कराडमधल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात त्वचारोगतज्ज्ञाला हे जमतं. चारशे मुलांची शाळा दुपारपर्यंत संपवायची असलेल्या पथकाला जमणार नाही.

मग १९९४ मध्ये ब्रिटनमधल्या एका कार्यगटाने हीच लांबलचक यादी छाटून घोटीव केली. गेल्या बारा महिन्यांत खाज असलीच पाहिजे. त्याबरोबर पाचांपैकी किमान तीन गोष्टी हव्यात: दोन वर्षांच्या आत सुरुवात, कोपराच्या आत किंवा गुडघ्याच्या लवणीत वगैरे घड्यांमध्ये कधीतरी त्रास झालेला असणं, गेल्या वर्षभरात एकूणच कोरडी त्वचा, दमा किंवा अ‍ॅलर्जिक सर्दीचा इतिहास, आणि तपासताना घड्यांमध्ये प्रत्यक्ष दिसणारं इसब. चार वर्षांखालच्या मुलांसाठी यात थोडे बदल आहेत. हे निकष शाळेत वापरता येतात, म्हणून जगभर पसरले.

तिसरी पद्धत फक्त प्रश्नावलीची. दमा आणि अ‍ॅलर्जीच्या ‘आयझॅक’ नावाच्या जागतिक सर्वेक्षणात नव्वदच्या दशकापासून ती वापरली गेली. सहा महिने येऊन-जाऊन असणारं खाजरं पुरळ कधी आलं होतं का? गेल्या बारा महिन्यांत आलं का? कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागे, घोट्याच्या पुढे, नितंबाखाली, किंवा मान-कान-डोळ्यांभोवती आलं का? तपासणी नाही. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडील आणि मोठ्या मुलांच्या बाबतीत ती मुलंच उत्तर देणार.

याखेरीज ‘डॉक्टरांनी कधी इसब आहे असं सांगितलं होतं का’ एवढ्या एका प्रश्नावर उभे असलेले अभ्यास आहेत. दवाखान्याच्या नोंदीतून इसबाचा शिक्का किंवा औषधाची चिठ्ठी मोजणारे आहेत. आज अंगावर दिसतंय तेवढंच मोजणारेही आहेत. सगळ्यांच्या शीर्षकात शब्द तोच.

माण तालुक्यातली एक सहा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणा. थंडी पडली की तिचं अंग फुटतं, कोपरात आणि लवणीत चट्टे उठतात, रात्री झोप नाही. आई म्हणते, “नुसतं खाजवतंय बघा रात्रभर, रगत निघंस्तोवर.” पावसाळ्यात सगळं शांत. दहिवडीला त्वचेचा डॉक्टर नाही म्हणून गावातल्या दुकानातून मलम आणलं जातं. इसब आहे असं तिला कुणी कधी सांगितलेलं नाही. पथक शाळेत जुलैत आलं आणि त्या दिवशीचं अंगावरचं मोजलं, तर ही मुलगी निरोगी. डॉक्टरांचं निदान मोजलं तरी निरोगी. प्रश्नावलीत तिला इसब आहे. ब्रिटिश निकषांत तिची सुरुवात दोन वर्षांच्या आत झाली होती की नाही हे आईला कितपत आठवतं, यावर ती आत किंवा बाहेर. मुलगी तीच, तिची रात्रीची झोप गेलेली तीच.

डॉक्टरांच्या निदानावर आधारलेल्या व्याख्येबद्दल मला विशेष काळजी वाटते, कारण ती सर्वांत सोपी आणि म्हणून सर्वांत लाडकी आहे. मिरजेत शंभरेक पावलांवर दवाखाने आहेत. जत, आटपाडी, माण, खटाव, पाटणच्या डोंगराळ भागात तसं नाही. ‘डॉक्टरांनी सांगितलं होतं का’ हा प्रश्न दोन्हीकडे विचारलात, तर तुम्ही आजार मोजत नाही, डॉक्टरपर्यंतचं अंतर आणि घरातला पैसा मोजता. अशा अभ्यासातून हमखास निष्कर्ष निघणार की इसब शहरातल्या, शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या घरांत जास्त आहे. तो खराही असू शकेल. पण त्या व्याख्येने तो सिद्ध होत नाही, आणि त्याच्या आधारावर ‘खेड्यातली मुलं मातीत खेळतात म्हणून त्यांना होत नाही’ असं लिहिलं गेलं तर जतच्या मुलांच्या वाट्याचा डॉक्टर आणखी लांब जातो.

‘आयझॅक’च्या तिसऱ्या टप्प्यात सहा-सात वर्षांच्या मुलांची साठ देशांतली १४३ केंद्रं होती. गेल्या वर्षभरातल्या इसबाचं प्रमाण सर्वांत कमी निघालं जोधपूरमध्ये, ०.९ टक्के, सर्वांत जास्त इक्वेडोरमधल्या कीटो शहरात, २२.५ टक्के. म्हणजे पंचवीसपट फरक. या सर्वेक्षणाचं मोठं बळ असं की सगळीकडे प्रश्न एकच होता, त्यामुळे किमान व्याख्या बदलल्यामुळे आकडा बदलला असं तरी म्हणता येत नाही. आणि एकाच केंद्रात काही वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर वाढ-घट बरीच विश्वासाने सांगता येते. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण एकच प्रश्न सगळीकडे एकच गोष्ट मोजतो का? इथिओपियात आणि दक्षिण आफ्रिकेत संशोधकांनी युरोपात घडलेली ही साधनं पडताळून पाहिली. प्रश्नावलीला किंवा निकषांना ‘होय’ ठरलेल्या मुलांना त्वचारोगतज्ज्ञाने तपासलं, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच मुलांना इसब नव्हतंच. दुसरंच काही खाजरं होतं. जिथे खरूज फार आहे तिथे खाजेच्या प्रश्नावर उभी असलेली कुठलीही व्याख्या खरुजेलाही आत घेते. खरूजही महिनोन्महिने राहते, रात्री वाढते, आणि तान्ह्या बाळांत अंगभर पसरते. लंडनजवळच्या शाळेत अशी गल्लत क्वचित होईल. आपल्या आश्रमशाळेत किंवा ऊसतोडीच्या अड्ड्यावर, जिथे एका कोपीत सात-आठ माणसं एकाच गोधडीत झोपतात, तिथे ती रोज होईल.

इथे थोडं गणित करू. आकडे कल्पित आहेत. एक हजार मुलं घ्या. त्यांतल्या तीस जणांना खरोखर इसब आहे, म्हणजे तीन टक्के. आपली व्याख्या इतकी चांगली की तिसांपैकी सत्तावीस बरोबर पकडते. पण उरलेल्या ९७० निरोगी किंवा दुसऱ्या आजाराच्या मुलांतल्या दर दहांतल्या एकाला ती चुकून इसब म्हणते. म्हणजे ९७. एकूण झाली १२४. अहवालात छापलं जाणार १२.४ टक्के, खऱ्याच्या चौपट, आणि त्या १२४ मधल्या दर पाचांतल्या जवळजवळ चौघांना तो आजार नाही. नव्वद टक्के अचूक म्हणवणाऱ्या व्याख्येची ही करामत. जिथे आजार कमी असतो तिथे ‘नाही’ला ‘नाही’ म्हणण्याची ताकद फार महत्त्वाची ठरते.

पुढचं अधिक गंभीर आहे. समजा, एखाद्या कारणाने इसबाचा धोका खरोखर दुप्पट होतो. ते कारण नसलेल्या हजार मुलांत वीस आणि असलेल्या हजारांत चाळीस. तीच व्याख्या लावा. पहिल्या गटात अठरा खरी आणि ९८ खोटी, एकूण ११६. दुसऱ्या गटात छत्तीस खरी आणि ९६ खोटी, एकूण १३२. दुप्पट धोका उरला जेमतेम चौदा टक्क्यांचा. एवढ्या फरकावर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोट्या ‘फरक सिद्ध होत नाही’ असंच म्हणतील. एक खरं कारण निर्दोष सुटलं. याउलट व्याख्या फार कडक असेल, निम्मीच मुलं पकडत असेल पण चुकीचं एकही मूल आत घेत नसेल, तर गटांत दहा आणि वीस मुलं सापडतील. प्रमाण निम्मं दिसेल, पण दुप्पट ते दुप्पटच राहील. फक्त जास्त मुलं अभ्यासावी लागतील. म्हणजे कारण शोधायचं तर कडक व्याख्या बरी, आणि जिल्ह्याला मलमाच्या किती ट्यूब लागतील हे ठरवायचं तर कडक व्याख्या घातक. सगळ्या कामांना चालेल अशी एक व्याख्या नसते, हे मी विद्यार्थ्यांना परत परत सांगते.

वरच्या गणितात चूक दोन्ही गटांत सारखी धरली होती. प्रत्यक्षात ती सारखी नसते, आणि मग खोटी कारणं जन्माला येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने सांगली कित्येक दिवस पाण्यात होती. पूर ओसरल्यावर ओली घरं, दाटीचे निवारे, धुवायला स्वच्छ पाणी नाही, वाळवायला ऊन नाही. अशा वेळी बुरशी आणि खरूज दोन्ही वाढणार. तेव्हा नदीकाठच्या गावांत आणि जतच्या माळावर एकाच खाजेच्या प्रश्नाने सर्वेक्षण केलं असतं, तर ‘पुरामुळे मुलांत इसब’ असा मथळा झाला असता, आणि बहुधा तो खरुजेचा मथळा असता. तासगावकडे द्राक्षबागांच्या फवारणीबद्दल हीच भीती बोलली जाते. औषध अंगावर उडून त्वचेचा दाह होऊ शकतो, तो प्रश्न खराच आहे आणि त्यावर काम व्हायला हवं. पण स्पर्शाने झालेला दाह आणि बाळपणापासूनचं इसब एका रकान्यात टाकलं, तर शेतकऱ्याला उत्तर मिळणार नाही आणि औषध कंपनीला ते सहज झटकता येईल. ज्यांना फवारणीची खरी चौकशी हवी आहे, त्यांनीच व्याख्येचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा.

याहून विचार करायला लावणारं उदाहरण कुटुंबाच्या आकाराचं आहे. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकाने दाखवलं की ज्या घरात भावंडं जास्त, विशेषतः मोठी भावंडं जास्त, त्या घरातल्या मुलाला गवताची अ‍ॅलर्जी आणि तान्हेपणीचं इसब कमी. लहानपणी जंतूंशी संबंध आला तर अ‍ॅलर्जी कमी होते, हा पुढे जगभर गाजलेला विचार तिथून निघाला. आता हाच अभ्यास खरूज भरपूर असलेल्या ठिकाणी सैल व्याख्येने करा. भावंडं जास्त, तर खरूज जास्त. खरूज जास्त, तर ‘इसब’ जास्त. निष्कर्ष नेमका उलटा निघेल, आणि कुणीतरी लिहील की भारतात तो सिद्धान्त लागू पडत नाही. सिद्धान्ताचा त्यात काही दोष नसेल, गुणही नसेल. त्याची परीक्षाच झालेली नसेल.

रंगाचा मुद्दा आपल्याकडे फार कमी बोलला जातो. इसबाची तीव्रता मोजणाऱ्या बहुतेक गुणपद्धतींत त्वचेच्या लालीला गुण असतात. गोऱ्या कातडीवर लाली दिसते. सावळ्या कातडीवर तीच सूज जांभळट, राखाडी किंवा नुसती काळपट दिसते, आणि चट्ट्यांपेक्षा बारीक पुळ्या जास्त दिसतात. २००२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी मुलांच्या तीव्रतेच्या गुणांतून लालीचा परिणाम वेगळा काढून पाहिला, तेव्हा कृष्णवर्णीय मुलांमधलं तीव्र इसब आधी झाकलेलं राहत होतं असं दिसलं. आपल्या ऊन्हात रापलेल्या पोरांच्या अंगावर लाली शोधत बसलो, तर त्यांचा आजार कागदावर सौम्य होणार आणि औषधही सौम्यच मिळणार.

व्याख्येचा आग्रह धरला की काय मिळतं, याचंही एक उदाहरण माझ्या मनात घर करून आहे. २०१४ मध्ये दोन लहान प्रयोग प्रसिद्ध झाले, एक अमेरिका-ब्रिटनमधला १२४ बाळांचा आणि एक जपानमधला ११८ बाळांचा. जन्मानंतर लगेच रोज अंगाला त्वचा मऊ ठेवणारं मलम लावलं, तर पहिल्या काही महिन्यांत इसब बरंच कमी होतं असं दोन्हींत दिसलं. जगभर आशा पसरली. मग ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांवर मोठा प्रयोग झाला आणि २०२० मध्ये निकाल आला: दोन वर्षांच्या वयात मलमाच्या गटात २३ टक्के, दुसऱ्या गटात २५ टक्के. म्हणजे फरक नाही. त्याच वर्षी नॉर्वे-स्वीडनमधल्या २,३९७ बाळांच्या प्रयोगातही संरक्षण दिसलं नाही. ब्रिटिश गटाने मुख्य निकाल वर सांगितलेल्या ब्रिटिश निकषांवर काढला, पण तिथे थांबला नाही. इसबाच्या इतर व्याख्या लावूनही पाहिल्या आणि उत्तर तेच येतं हे दाखवलं. म्हणून त्या नकाराला वजन आहे. आधीच्या आणि नंतरच्या निकालांतला फरक सगळा व्याख्येचा होता असं मी म्हणणार नाही. बाळांची संख्या आणि पाठपुराव्याचा काळही वेगळा होता. पण ‘तुम्ही व्याख्या बदलली म्हणून असं आलं’ हा आक्षेप त्यांनी आधीच मिटवून ठेवला होता.

उलट, ब्रिटनमधल्याच जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या एका अभ्यासात, प्रसिद्ध शोधनिबंधांतून गोळा केलेल्या वेगवेगळ्या व्याख्या त्याच पाच वर्षांच्या मुलांना लावून पाहिल्या, तेव्हा इसबाचं प्रमाणही हललं आणि धोक्याच्या कारणांशी असलेलं नातंही कमी-जास्त झालं. त्या कारणांत फिलॅग्रिन नावाच्या जनुकातला बिघाडही होता, ज्याचा इसबाशी असलेला संबंध २००६ साली सापडला आणि ज्याला या क्षेत्रातला सर्वांत पक्का दुवा मानतात. सर्वांत पक्क्या दुव्याची ही गत, तर हवेतली धूळ, गाईचं दूध, डिटर्जंट अशा नाजूक संशयितांचं काय होत असेल!

आपल्याकडे ऊस उत्पादकाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. कारखान्याने टनेज सांगितलं की तो आधी काट्याबद्दल विचारतो. काटा तपासलेला नसेल तर पावतीवरचा आकडा कितीही सुबक छापलेला असो, त्याला मान्य नसतो, आणि त्यासाठी आंदोलनं झाली आहेत. मुलांच्या आरोग्याच्या आकड्याबद्दल मात्र आपण तो प्रश्न विचारत नाही.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकते. पहिला अनुभवी डॉक्टरांचा: आम्हाला इसब बघितल्यावर कळतं, निकषांची कुबडी कशाला? समोर बसलेल्या एका मुलासाठी हे अगदी बरोबर आहे. चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाची नजर आजही कुठल्याही यादीपेक्षा सरस आहे. निकष पडताळताना तीच तर कसोटी धरतात. पण त्यांची नजर शिराळ्याच्या पथकातल्या डॉक्टरला उसनी देता येत नाही, आणि दोन तज्ज्ञांच्या दोन नजरांतला फरक अहवालात लिहिता येत नाही. संशोधन म्हणजे दुसऱ्या माणसाला तेच पुन्हा करून पाहता येणं, आणि नुसत्या अनुभवावर तशी पुनरावृत्ती होत नाही.

दुसरा आक्षेप कामाच्या ओझ्याचा. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. दात, डोळे, हृदय, रक्तक्षय, कुपोषण सगळं त्यांनीच बघायचं, वर मुलांच्या रांगा आणि ऑनलाइन नोंदी. त्यांच्यावर तेवीस गौण लक्षणं लादणं अन्याय होईल, आणि तसं मी मागतही नाही. मी मागते आहे ते असं: जिल्हा पातळीवर त्या एका ओळीच्या तीन ओळी करा. खरूज, बुरशी, इसब. इसबाच्या ओळीत टिक करण्याआधी ब्रिटिश निकषांतले प्रश्न विचारा, ते चार-पाचच आहेत आणि आईला समजेल अशा आपल्या बोलीत विचारता येतात. त्यांच्या आधी खरुजेसाठी दोन गोष्टी बघा: घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटते का, आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुळ्या आहेत का. लालीवर विसंबू नका. कोरडेपणा, जाड झालेली कातडी आणि खाजवल्याच्या खुणा बघा. मुलामागे तीन-चार मिनिटं, तीही फक्त खाजेची तक्रार असलेल्या मुलांसाठी.

या दुरुस्तीचा फायदा आधी मुलांना होईल, संशोधकांना नंतर. आज गजकर्णाला इसब समजून स्टेरॉइड चोळलं जातं, आणि इसबाला गजकर्ण समजून महिनोन्महिने बुरशीनाशक. बुरशीनाशक, जंतुनाशक आणि स्टेरॉइड एकत्र केलेली तिहेरी मलमं या गोंधळावरच खपतात. तिन्हीतलं काहीतरी लागू पडेल, असा त्यामागचा हिशेब. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. तरी गावातल्या दुकानात ती कशी मिळतात, हे प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. दुसऱ्या टोकाला, स्टेरॉइडच्या भीतीने खऱ्या इसबाच्या मुलांना योग्य मलमही दिलं जात नाही आणि त्यांचं दूध, अंडं, शेंगदाणे, वांगं सगळं बंद केलं जातं. आधीच अंगात कमी असलेल्या मुलाचं तेवढं पोषण जातं. रकाना वेगळा झाला की निदान वेगळं करावं लागतं, आणि निदान वेगळं झालं की पथकाच्या पेटीतून वेगळं औषध निघतं.

वैद्यकीय महाविद्यालयांकडून माझी अपेक्षा जास्त आहे. मिरजेचं शासकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, कराडलाही मोठं वैद्यकीय विद्यापीठ आहे. त्वचारोग आणि बालरोग विभागांत दरवर्षी प्रबंध होतात. लहान मुलांच्या इसबावरच्या प्रत्येक प्रबंधाच्या सारांशात व्याख्या लिहिलेली असावी: कुठले निकष, आजचं की वर्षभरातलं की जन्मात कधीतरीचं, आणि ‘इसब नाही’ म्हणून ज्यांच्याशी तुलना केली ती मुलं कशी निवडली. हा शेवटचा भाग हमखास राहतो. निरोगी गटात दमा असलेली, सहा महिन्यांपूर्वी चट्टे बरे झालेली मुलं बसलेली असतात आणि तुलना तिथेच पुसट होते. नैतिक समितीने ही माहिती असल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकवू नये. आणि मुख्य निष्कर्ष किमान दोन व्याख्यांवर काढून दोन्ही छापावेत. संगणकावर दुसऱ्यांदा गणित करायला मिनिटं लागतात, हे मी रोज करते म्हणून सांगते.

राहिली पडताळणी. ब्रिटिश निकष आपल्या मुलांवर किती बरोबर चालतात, हे इथे तपासून घ्यावंच लागेल, कारण इथली खरूज वेगळी, इथली त्वचा वेगळी, आणि महाबळेश्वरच्या पाच हजार मिलिमीटरहून अधिक पावसात आणि दहिवडीच्या पाचशेच्या आसपासच्या पावसात हवाही वेगळी. त्यासाठी सगळ्या मुलांना तज्ज्ञाकडे नेण्याची गरज नाही. पथकाने ‘होय’ म्हटलेली सगळी मुलं आणि ‘नाही’ म्हटलेल्यांतली चिठ्ठ्या टाकून निवडलेली दर दहांतली एक, एवढ्यांना मिरज-कराडच्या तज्ज्ञांनी पथकाचा निकाल न बघता तपासावं. ‘नाही’ म्हटलेल्यांना तपासणं टाळू नये. सुटलेली मुलं तिथेच सापडतात. एकदा जुलै-ऑगस्टमध्ये आणि एकदा जानेवारीत. एक ओला तालुका, एक कोरडा तालुका, म्हणजे पाटण आणि माण, किंवा शिराळा आणि जत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधाचा विषय मिळेल, पथकाला प्रशिक्षण मिळेल, आणि त्यातून येणाऱ्या दुरुस्तीच्या गुणकाने जिल्ह्याचे जुने आकडेसुद्धा थोडेफार वाचता येतील. शाळा जूनमध्ये उघडतात. पथकांचं वर्षाचं वेळापत्रक त्याच सुमारास लागतं. नमुना निवडण्याचं आणि गणिताचं काम मी आणि माझे विद्यार्थी विनामोबदला करू. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी तीन ओळींचा तक्ता मंजूर करावा, एवढीच त्यासाठीची पहिली परवानगी लागते.